खडशीच्या तोंडातला चमचा

पितळेच्या पत्र्याचा तुकडा. बोटभर लांब, मधे खोलगट, कडेला हातोडीचे बारीक ठोके.

कुरुळीच्या घाटात गेल्या जत्रेला पहिली आलेली बैलजोडी.

इयत्ता सातवी. कोयनाकाठच्या त्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे.

एक मासा, भिमाएवढा लांब. असं भिमा म्हणतो. भिमाच्या कुठल्याही मापातून निम्मं वजा करायचं असतं.

दोन कड्या, मधे एक खिळा.

मागच्या दाराची खोली. गुरुवारी रिकामी करायची आहे.

*

"अंबे, दोर सोडू नकोस," सयाजी म्हणाला.

"मी कुठे सोडतेय? मासाच मला ओढतोय."

मे महिन्यातला मंगळवार, सकाळची वेळ. चिखलीच्या डोहात शेवटच्या पायरीवर अंबू गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या हातात एका दोराचं टोक होतं. दोर दगडाच्या फटीत अडकला होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी खडशी आडवी होऊन तोंड उघडमीट करत होती. तेरा वर्षांचा सयाजी पोटावर पालथा पडून माशाच्या जबड्याशी झटत होता. दहा वर्षांचा भिमा कोरड्या पायरीवरून दोघांना सूचना देत होता.

"डावीकडं ओढ. डावीकडं म्हणजे माझ्या डावीकडं."

"तू पाण्यात ये, मग ठरवू कुणाची डावी," अंबू म्हणाली.

चिखलीत इंद्रायणीवर एक जुना दगडी बंधारा होता. बंधाऱ्याच्या खाली कुणीही गळ टाकावा. वरचा डोह मात्र देवाचा. तिथल्या खडशा सोमवारी पायरीशी येऊन पिठाच्या गोळ्या खात आणि लहान मुलांनी पाठीवर हात फिरवला तरी पळत नसत. डोहात गळ पडल्याचं गावात कुणाच्या आज्यानंही ऐकलं नव्हतं.

गळ निघाला. खडशी क्षणभर तशीच पडून राहिली, मग शेपटीचा एक फटकारा मारून खोल गेली. सयाजीच्या हातात पितळेचा एक चमचा उरला. जेवणाचा नव्हे. पाण्यातून ओढला की लहान माशासारखा चमकत फिरतो आणि मोठा मासा फसून त्याच्यावर झडप घालतो, तो चमचा. खाली तीन काट्यांचा गळ, वर भोक, भोकाला दोर.

तेवढ्यात डोहाची राखण करणारे धर्माजी आले. त्यांनी चमचा उन्हात धरला, कडेचे ठोके पाहिले आणि मग अंबूकडे पाहिलं.

"पोरी, ह्यो तुझ्या बापाचा हाय."

हाताने ठोकलेला असा चमचा अख्ख्या चिखलीत एकच माणूस बनवायचा. अंबूला तो ओळखायला ठोक्यांचीही गरज नव्हती.

*

संध्याकाळी पारावर पंच बसले. मधे नानासाहेब. ते भिमाचे आजोबा, आणि ज्या खोलीत अंबूचं घर होतं तिचे मालकही. त्यांच्या शेजारी बबनराव. सयाजीचे वडील. कुरुळीच्या घाटात शर्यतीला पहिली आलेली जोडी त्यांचीच, त्यामुळे ते कुठेही बसले तरी मधेच बसल्यासारखे दिसत.

अंबूचे वडील, रंगराव, पिंपरीच्या कंपनीत फिटर होते. पहिल्या शिफ्टवरून सायकलने आलेले, तसेच येऊन उभे राहिले. पँटच्या पायाला क्लिप तशीच होती.

"चमचा तुझा?" नानासाहेबांनी विचारलं.

"माझ्या हातचा हाय. पर ही गाठ माझी न्हाई."

"गाठीवर काय नाव लिवलेलं असतंय व्हय, रंगराव?" बबनराव म्हणाले. सगळे हसले.

"असल्या तीन-चार चमच्यांची वाटणी केलीय म्या गावात."

"कुणाकुणाला?"

रंगरावांनी वाकून पायाची क्लिप काढली. "नावं घेऊन गावात भांडणं लावायला मी न्हाई आलो. दोन वर्सं तुमच्यात ऱ्हातोय. मी डोहात गळ टाकला न्हाई, एवढंच सांगतो."

एवढं पुरलं नाही. नानासाहेब माणूस वाईट नव्हते, पण डोह देवाचा होता आणि रंगराव बाहेरचे होते. गुरुवारी सकाळी खोली मोकळी करायची, असं ठरलं.

पाराच्या मागे उभ्या असलेल्या अंबूने मनात हिशोब केला. पिंपरीजवळ दुसरी खोली मिळेपर्यंत आई आणि ती कोयनाकाठी आज्जीकडे. तिथे चौथीच्या पुढे वर्ग नाही. तिची सहावी झाली होती. सातवीची परीक्षा पास झाली की मास्तरीण होता येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः विचारून घेतलं होतं.

*

घरी आई, सावित्रीबाई, पोत्यात भांडी भरत होती. ती बोलत नव्हती. भांडी बोलत होती.

"दादा, गाठ तुमची नाही, हे कसं ओळखलं?" अंबूने विचारलं.

रंगरावांनी ट्रंकेतून एक चमचा आणि मेण लावलेला सुती दोर काढला.

"चमचा दोराला लावायच्या तीन रीती. एक, भोकातून दोर घालायचा आणि आवळून टाकायचा. गाठ मजबूत, पर चमचा आखडतो. काठीला बांधलेल्या बैलावानी. दुसरी, सैल फास ठेवायचा. मग त्यो मोकळा डुलतो. आणि तिसरी ही."

त्यांनी तळहातावर एक बारीक वस्तू ठेवली. दोन कड्या आणि त्यांच्यामधे मोकळा फिरणारा खिळा.

"भोवरकडी," अंबू म्हणाली. "म्हशीच्या दाव्याला असते ती."

"तीच. म्हस खुंट्याभवती फिरली तरी दाव्याला पीळ बसत न्हाई, का? कडी फिरते, दावं फिरत न्हाई. चमच्याचंबी तसंच. त्यो पाण्यात गरागरा फिरतो. मधे कडी नसंल तर समदा पीळ दोरात जातो. मी कडीबिगर चमचा कधी बांधला न्हाई. आज माशाच्या तोंडातला दोर बघितलास?"

अंबूने बघितला होता. हातातून सुटला की तो डुकराच्या शेपटीसारखा गोळा होत होता.

"मग हे पारावर का नाही सांगितलं?"

"सांगून समजतंय व्हय? बघावं लागतं."

*

बुधवारी सकाळी बंधाऱ्याच्या खाली तिघं जमली. नानांनी घरच्या कोनाड्यात ठेवलेला माशाच्या तोंडातला चमचा आणि दोराचा तुकडा भिमाने आणला होता. नाना उठायच्या आत परत ठेवायचा होता, आणि नाना पाचलाच उठतात हे त्याला आणल्यावर आठवलं होतं.

"आता काय? नाना देवळात गेलेत. तासभर आहे," तो म्हणाला.

अंबूने ट्रंकेतला दुसरा चमचा पुढे केला. गळ काढून ठेवलेला. "हा एकच चमचा तीन प्रकारे बांधायचा. प्रत्येक वेळी पन्नास खेपा ओढायचा. मग दोर बघायचा."

"पहिल्यांदा मी बांधतो, आवळून," सयाजी म्हणाला. तो एरवी भराभर काम उरकणारा मुलगा होता. आज त्याने गाठ सावकाश मारली, आणि मारून झाल्यावर अंबूपुढे धरली. "नीट बघून घे."

"बघितली. टाक आता."

भिमाची वही:

*प्रयोग. आवळलेली गाठ. ५० खेपा. चमचा कमी डुलला, जास्त फिरला. दोर सैल सोडल्यावर १४ वेटोळी. (सयाजी म्हणतो १३.) मी ओढल्या ९ खेपा, बाकी त्यांनी.*

*सैल फास. अंबूने बांधला. चमचा छान नाचला. एका लहान माशाने येऊन वास घेतला. वेटोळी ८.*

*भोवरकडी. वेटोळी ० शून्य. दोर शाळेच्या पट्टीसारखा. माझा पाय घसरला, पण प्रयोगावर परिणाम नाही.*

प्रत्येक वेळी गाठ कापून दोराचं टोक नवं करावं लागे. कापलेल्या गाठी अंबूने परकराच्या ओच्यात ठेवल्या.

माशाच्या तोंडातला दोर शेजारी ठेवला. चौदा वेटोळ्यांचाच भाऊ. तो कुठे तुटला होता तेही दिसत होतं: पीळ बसून जिथे आढी पडली, नेमका तिथेच.

"म्हणजे भोवरकडी नव्हती," अंबू म्हणाली. "म्हणजे दादा नव्हते."

भिमाने पेन्सिल चावली. "नाना म्हणतील, एक दिवस विसरला असेल."

हे खरं होतं. अंबूला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

"मग ज्याने बांधलं तो माणूस शोधायचा," ती म्हणाली. "दादांनी नावं घेतली नाहीत, पण चमचे देताना मी तिथेच होते. तिघांना दिले. गेनूकाका, ज्योतीराम शिंपी..." ती थांबली.

"आणि आमचे आबा," सयाजी म्हणाला.

"हो."

"आबा कुरुळीला गेलेत, बैल बघायला. रात्री येतील. आधी ते दोघं बघू."

युक्ती सोपी होती. मोठ्या माणसाला 'तुम्ही चोरी केली का' असं विचारलं तर तो चिडतो. 'हे कसं करायचं, आम्हाला येत नाही' असं म्हटलं तर तो हातातलं काम टाकून शिकवायला बसतो.

गेनूकाका विहिरीवर होते.

"काका, चमचा बांधून द्या ना. सयाजीला येत नाही."

"ह्याला? बैलगाडावाल्याच्या पोराला?" गेनूकाका खूश झाले. "आरं, घागरीच्या गळ्याला टाकतो तसा फास टाकायचा. ढिला. घागर पाण्यात हलाया नको व्हय? आमी आवळून बांधत न्हाई कंदी."

त्यांची गाठ सैल फासाची होती. भिमाने वहीत फुली मारली.

ज्योतीराम शिंप्याने चष्मा कपाळावर सरकवला, दोर दुहेरी करून भोकातून दोनदा ओवला, गाठ मारली आणि शेवट दातांनी तोडला.

"टाका पक्का, तर कपडा पक्का," तो म्हणाला. "मासा मात्र मला अजून एकही मिळाला नाही. मी टाकला की ते पलीकडच्या काठाला जातात."

"डोहात टाकून बघितला का कधी?" भिमाने विचारलं.

"डोहात? आणि वर सदरा कुणाचा शिवू? गावात ठेवतील का मला?"

गाठ आवळलेली होती, पण शेवट दातांनी तुटलेला, आखूड. माशाच्या तोंडातल्या गाठीचा शेवट लांब होता आणि तो काहीतरी विचित्र केलेला होता. तीन वेढे, मग दोराचं टोक उकलून त्याचे दोन फाटे, एक फाटा उजवीकडून गुंडाळलेला, एक डावीकडून.

"असं कोण बांधतं?" भिमा म्हणाला. सयाजी नदीकडे बघत होता.

चमचा कोनाड्यात परत गेला. नाना देवळातून आले तेव्हा भिमा पाढे म्हणत होता, सुट्टीत, आपणहून. तरीही नानांना संशय आला नाही.

*

दिवस कलताना अंबू खोलीच्या दाराशी धुण्याच्या दगडावर बसली आणि ओच्यातल्या कापलेल्या गाठी समोर मांडल्या. तिची सैल फासाची. कडीची. आणि सयाजीने सकाळी सावकाश मारलेली.

तीन वेढे. दोन फाटे. एक उजवीकडून, एक डावीकडून.

ती बराच वेळ तिथे बसून होती. आत आईने गोधड्यांची वळकटी बांधली तरी ती उठली नाही.

सयाजी तिचा मित्र होता. ती गावात आली तेव्हा तिच्या बोलण्याला सगळी मुलं हसली होती. सयाजीही हसला होता, पण दुसऱ्या दिवशी त्याने तिला पोहायला शिकवलं होतं. ही गाठ नानासाहेबांना दाखवली तर खोली राहील आणि सयाजी जाईल. नाही दाखवली तर दोन्ही जातील, फक्त सयाजीला वाईट वाटणार नाही.

*

गुरुवारी उजाडताच ती बबनरावांच्या गोठ्यापाशी गेली. सयाजी बैलांना पाणी दाखवत होता. तिने तळहात उघडला.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"आसुडाची वादी अशीच बांधतात. चामड्याचं टोक चिरून दोन फाटे करायचे. वादी काठीवर हलली तर हात चुकतो." तो बैलाकडे बघून बोलत होता. "आबांनी शिकवली. गावात दुसऱ्या कुणाला येत नाही."

"मी अजून कुणालाच दाखवली नाही."

"मला का दाखवतेस?"

"तुला आधी दाखवायची होती."

बैलाने पाणी संपवलं. सयाजीने बादली उपडी केली.

"आबा आता तुमच्याकडेच यायला निघालेत," तो म्हणाला. "सामानासाठी आमचीच गाडी देणार आहेत. तू तिथे काही बोलू नकोस. मी बोलतो."

*

नानासाहेबांच्या मागच्या दारी बैलगाडी उभी होती. ट्रंक चढली होती. बबनराव स्वतः भांड्यांचं पोतं उचलत होते आणि सावित्रीबाईंना म्हणत होते, "वैनी, तुमी राहू द्या. मी हाय न्हवं." धर्माजी आले होते. गेनूकाका, ज्योतीराम शिंपी आणि आणखी चारदोन माणसं काही न करता उभी होती. नानासाहेब ओट्यावर बसून कुणाकडेच बघत नव्हते.

सयाजी पुढे आला. त्याच्या हातात कालचा प्रयोगाचा चमचा आणि दोर होता.

"आबा, एवढा बांधून द्या."

"आत्ता? काम दिसंना व्हय तुला?"

"एकच गाठ."

बबनरावांनी पोतं गाडीत टाकलं, हात झटकले आणि चमचा घेतला. भोकातून दोर घातला. आवळला. एक वेढा, दोन, तीन. दोराचं टोक नखाने उकललं. दोन फाटे झाले.

तिथे ते थबकले. समोर अंबू होती, भिमा होता, आणि भिमाच्या हातात सयाजीने आणायला सांगितलेला कोनाड्यातला चमचा होता. पण वीस वर्षांच्या सवयीचे हात होते. एक फाटा उजवीकडून गेला, एक डावीकडून.

भिमाने दोन्ही चमचे आजोबांच्या मांडीवर ठेवले. नानासाहेबांनी चष्मा लावला. एक गाठ बघितली. दुसरी बघितली. पुन्हा पहिली.

"बबन," ते म्हणाले.

बबनराव गाडीच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"मासा धरायचा न्हवता, नाना. देवाशप्पथ. खाली लई खेपा टाकला, पर तिथलं पाणी गढूळ. डोहाचं नितळ. चमचा फिरतो कसा, त्ये बघायचं हुतं निस्तं. दोन खेपा टाकला न् खडशीनं धरला. तिला बिचारीला गळ म्हाईतच न्हाई. दोर तुटला. म्या घाबरून पळालो."

"निस्तं बघायचं हुतं तर गळ कशाला लावला?" धर्माजींनी विचारलं.

"गळाबिगर चमचा फिरंल का तसाच?"

सगळ्यांनी रंगरावांकडे बघितलं. त्यांना हा प्रश्न कामाचा वाटला.

"फिरंल की," ते म्हणाले. "हलका हून जास्तच फिरंल."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आणि परवा पारावर?" नानासाहेबांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या शेजारी बसला हुतास. तवा का बोलला न्हाईस?"

बबनरावांनी चाकावरचा हात काढला. "मी गाठीचं बोललो न् समदे हसले. मंग बोलायला जागाच ऱ्हायली न्हाई."

मग भिमाने वही उघडली आणि प्रयोगाचं पान मोठ्याने वाचून दाखवलं, पाय घसरल्याच्या ओळीसकट. गेनूकाकांनी माशाच्या तोंडातला पिळलेला दोर हातात घेऊन ताणून पाहिला. "ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "आमी म्हशीला कडी लावतो न् चमच्याला न्हाई. येडेच की."

नानासाहेब ओट्यावरून उतरले. त्यांनी गाडीतलं भांड्यांचं पोतं स्वतः खाली घेतलं. सत्तरीचा माणूस, पण कुणाला मधे हात लावू दिला नाही. पोतं खोलीत ठेवून ते परत आले.

"रंगराव, चूक बबनची एक, माझी एक. तू गाठ बघा म्हणत हुतास. म्या गाठ बघितली न्हाई, गाव कुठलं त्ये बघितलं. ही खोली तुझी. तू सोडशील तवा सुटंल."

रंगरावांनी मान हलवली. ते गाडीतली ट्रंक खाली घ्यायला लागले. शिफ्टला उशीर होत होता.

बबनरावांना शिक्षा झाली ती अशी: पुढच्या जत्रेपर्यंत दर सोमवारी डोहातल्या खडशांना स्वतःच्या हाताने पिठाच्या गोळ्या घालायच्या, आणि त्या स्वतःच मळायच्या. ते ऐकून त्यांच्या घरातून आलेल्या बायका तोंडाला पदर लावून मागे वळल्या.

मग ते रंगरावांजवळ गेले. रंगरावांनीच ती दोन फाट्यांची गाठ उचलून अंगठ्याने दाबून बघितली.

"गाठ झ्याक हाय," ते म्हणाले. "काठीवरनं सात जल्मात हलायची न्हाई. पर चमच्याला हलावंच लागतंय, भाऊ."

"शिकवशील?"

"आईतवारी ये. बंधाऱ्याच्या खाली."

सावित्रीबाईंनी चूल पुन्हा पेटवली. सगळ्यांना चहा झाला. नानासाहेबांनी तिन्ही मुलांना ओट्यावर बोलावलं.

"आमी एवढी जाणती माणसं," ते म्हणाले, "चमचा कुणाचा, ह्याच्या म्होरं गेलो न्हाई. तुमी बांधला कसा, हितवर पोचला. अंबूबाई, सातवी झाली की आठवीचंबी बघू. लांब असंल तर गाडी जाईल."

"आणि मी?" भिमा म्हणाला. "प्रयोग माझ्या वहीत आहे."

"तू माझ्या कोनाड्यात हात घातलास, त्ये वहीत लिवलंस का?"

भिमाने वही मिटली.

नानासाहेबांनी सयाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि ह्या पोराचं काय सांगू. सोताच्या बापापुढं दोर धरला त्यानं. असं काळीज मोठ्या माणसाला व्हत न्हाई."

माणसं माना हलवत होती. बबनरावही. अंबूने सयाजीकडे बघून हसायचा प्रयत्न केला, पण तो बशीतल्या चहाकडे बघत होता, आणि चहा कधीचाच संपला होता.

खडशी सापडायच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, बबनराव चमचा घेऊन डोहाच्या पायऱ्या उतरले होते, तेव्हा काठावरच्या चिंचेवर सयाजी बसलेला होता.